मूळ गाव आणि मायभूमी

आपल्या निवासी शाळेच्या प्रवेश अर्जात ‘मूळ गाव’ असा एक रकाना असतो. अन्य शाळांत तो एका शब्दात भरला जातो. आपल्याकडे मात्र तेथे लेखणी थांबते. वैनगंगेच्या बुडीत क्षेत्रातून आलेले पालक विचारतात, “गुरुजी, जुनं लिहू का नवं?” कोणी नव्या गावठाणाचे नाव लिहितो. कोणी जुन्या गावाचे नाव लिहून पुढे ‘बुडीत’ असा शब्द जोडतो. मुलाने ते जुने गाव पाहिलेलेही नसते, तरी आजोबांच्या आग्रहाखातर तेच नाव अर्जावर येते.

स्मरणिकेसाठी काही लिहावे अशी सूचना झाली, तेव्हा हा रकाना प्रथम डोळ्यांपुढे आला. माणसाची भूमी कोणती, ती त्याची कशामुळे होते आणि ती त्याची आहे हे कोणी ठरवायचे, हे प्रश्न आपल्या परिसरात धरणामुळे उभे राहिले असे आपण समजतो. परंतु आपल्या समाजापुढे ते त्याच्या कितीतरी आधी, दोन महायुद्धांच्या मधल्या काळात उभे राहिले होते, आणि ते विचारणाऱ्याने त्यांचे उत्तरही आपल्या परीने दिले होते. ते उत्तर आज आपण अर्धेच लक्षात ठेवले आहे, अशी माझी तक्रार आहे.

दिनांक १४ ऑगस्ट १९३१. मुंबईतील मणिभवन. दुसऱ्या गोलमेज परिषदेसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर दुसऱ्याच दिवशी बोटीने निघणार होते. महात्मा गांधी आणि बाबासाहेब यांची ही पहिली भेट. पहिल्या गोलमेज परिषदेतील कामगिरी ऐकून गांधीजींनी बाबासाहेबांच्या देशभक्तीचा गौरवाने उल्लेख केला. त्यावर बाबासाहेबांनी, आपल्याला मायभूमीच नाही, असे सांगितले. ज्या भूमीत आपल्या लोकांना कुत्र्यामांजरांइतकीही किंमत नाही आणि पिण्याचे पाणीसुद्धा मिळत नाही, ती भूमी आणि तो धर्म आपला कसा म्हणावा, असा त्यांचा सवाल होता. आपल्या हातून देशाची काही सेवा घडली असेलच तर ती सदसद्विवेकामुळे घडली, असेही त्यांनी स्पष्ट केले.

हे उद्गार आज आपल्या घराघरांत ठाऊक आहेत. जयंतीच्या फलकावर ते दिसतात, भ्रमणध्वनीवरून फिरतात. पण त्यांचा अर्थ बहुधा एका संतप्त माणसाने फिरवलेली पाठ एवढाच घेतला जातो. विरोधक त्यातून देशद्रोह काढतात आणि आपल्यातले काही तरुण त्यातून नुसता राग घेतात. दोघांनीही ते काळाच्या चौकटीत ठेवून पाहिलेले नाहीत.

तो काळ कोणता होता? पहिले महायुद्ध १९१८ साली संपले. जुनी साम्राज्ये कोसळली आणि युरोपच्या नकाशावर नवी राष्ट्रे उमटली. प्रत्येक लोकसमूहाला आपली भूमी हवी, हा त्या काळाचा मंत्र होता. १९१७ साली ब्रिटिश सरकारने बाल्फोर जाहीरनाम्याने ज्यू लोकांना पॅलेस्टाइनमध्ये राष्ट्रीय निवासस्थानाचे आश्वासन दिले. त्या भूमीत पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या अरबांना कोणी विचारले नाही. १९२३ साली ग्रीस आणि तुर्कस्तान यांनी करार करून लोकसंख्येची अदलाबदल केली. निकष केवळ धर्माचा होता. सुमारे सोळा लाख माणसे घरदार सोडून ‘स्वदेशी’ पाठविली गेली, आणि त्यांतील अनेकांनी तो स्वदेश कधी डोळ्यांनी पाहिलेलाही नव्हता. अनातोलियातील कारामानली ख्रिस्ती तर घरात तुर्की भाषा बोलत. त्यांना ग्रीक येत नव्हती, तरी ग्रीस ही त्यांची मायभूमी ठरली. ज्यांना कोणताच देश आपले म्हणेना, अशांसाठी १९२२ पासून नान्सेन यांच्या नावाचे प्रवासपत्र निघाले. जर्मनीत १५ सप्टेंबर १९३५ रोजी न्यूरेंबर्गचे कायदे झाले आणि शतकानुशतके तेथे राहिलेल्या ज्यूंचे नागरिकत्व रक्ताच्या हिशेबावर काढून घेण्यात आले. त्यानंतर महिना उलटण्यापूर्वीच, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, येवल्यात बाबासाहेबांनी आपण हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली. या दोन घटनांचा परस्परांशी संबंध नाही. पण जन्माने लादलेल्या ओळखीचे काय करायचे, या एकाच प्रश्नाला जगाच्या दोन टोकांवर किती भिन्न उत्तरे दिली जात होती, हे त्या तारखांवरून ध्यानात येते.

आपल्याकडेही भूमीच्या व्याख्या चालू होत्या, आणि त्यांतील एक प्रसिद्ध व्याख्या आपल्या शेजारच्या नागपुरातून प्रकाशित झाली. वि. दा. सावरकर यांचा हिंदुत्वावरील इंग्रजी ग्रंथ १९२३ साली ‘एक मराठा’ या टोपणनावाने नागपुरात छापला गेला. सिंधूपासून सागरापर्यंतची भूमी ज्याची पितृभू आणि पुण्यभू तो हिंदू, असा त्याचा आशय. या व्याख्येत बौद्ध बसतात, जैन बसतात, शीख बसतात आणि अस्पृश्यही बसतात. पुढे १९३६ साली काशीला भारतमातेचे मंदिर उघडले. त्यात मूर्ती नाही, संगमरवरात कोरलेला देशाचा नकाशा आहे. त्याचे उद्घाटन गांधीजींच्या हस्ते झाले आणि ते सर्वांना खुले होते, हे प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. भूमीला माता मानण्याची भावना त्या काळी कवितेत, चित्रात, मेळ्यांत, सर्वत्र ओसंडत होती.

या सगळ्या मांडणीत बाबासाहेबांनी आणलेला निकष अगदी निराळा होता. त्यांनी पूर्वजांचा आधार घेतला नाही आणि पुण्यस्थळांचाही घेतला नाही. त्यांनी पाणी विचारले. मुंबई कायदे कौन्सिलात ४ ऑगस्ट १९२३ रोजी सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव मंजूर झाला. महाड नगरपालिकेने १९२४ च्या आरंभी चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर तळे खुले झाले होते, परंतु काठावर कोणी फिरकू शकत नव्हते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आणि त्यांच्यासह हजारो माणसे त्या तळ्यावर गेली आणि पाणी प्यायली. त्यानंतर मारहाण झाली आणि पंचगव्याने तळ्याची ‘शुद्धी’ करण्यात आली. पितृभू आणि पुण्यभूच्या व्याख्येत या माणसांना जागा होती. तळ्याच्या काठावर नव्हती. मुंबई उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने अखेरचा निकाल दिला तो १७ मार्च १९३७ रोजी. ओंजळभर पाण्याचा दावा न्यायालयात दहा वर्षे चालला.

१९२७ च्याच डिसेंबरात, २५ तारखेला, महाडच्या दुसऱ्या परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या सभेची तुलना १७८९ च्या फ्रेंच राष्ट्रसभेशी केली. ही तुलना मला फार महत्त्वाची वाटते. फ्रान्स हा देश त्या साली निर्माण झाला नव्हता, तो पूर्वीपासून होताच. त्या साली तेथील प्रजा नागरिक होऊ लागली. महाडलाही कोणी नवी भूमी मागत नव्हते. पायाखाली होती तीच भूमी आपली करून घेण्याचे ते काम होते.

‘वतन’ या शब्दाकडे क्षणभर पाहावे. हिंदी-उर्दूत वतन म्हणजे जन्मभूमी, जिच्यासाठी प्राण द्यावेत ती. आपल्या मराठीत, विशेषतः मुंबई इलाख्यात, वतन म्हणजे वंशपरंपरेने आलेला गावकामाचा हक्क आणि त्यासोबत येणारी चाकरी. महार वतनात तुटपुंज्या जमिनीच्या आणि बलुत्याच्या मोबदल्यात रात्रंदिवस सरकारची आणि गावाची हरकामे करावी लागत. हे जोखड ढिले करण्यासाठी १९२८ साली बाबासाहेबांनी कौन्सिलात विधेयक मांडले. आपल्यातल्याच काही लोकांना वतन सुटण्याची भीती वाटत होती. ते वतन कायद्याने नष्ट व्हायला १९५८ साल उजाडले. एकाच शब्दाचे हे दोन अर्थ शेजारी ठेवले की मणिभवनातील उद्गारांना वेगळे भाष्य लागत नाही.

आमच्या झाडीपट्टीतील स्थिती थोडी वेगळी होती, आणि हा फरक आपल्या भाषणांत बहुधा निसटतो. भंडारा जिल्हा तेव्हा मध्यप्रांत-वऱ्हाडात होता. येथे मालगुजारी होती. आपले पूर्वज कोतवालकी करीत, मागावर जाडेभरडे कापड विणीत, दुसऱ्याच्या बांधीत धान रोवीत. गावाची जमीन मालगुजाराची. तलाव आणि बोड्याही त्याच्याच सत्तेखाली. मालगुजारी गेली ती १९५० च्या कायद्याने. म्हणजे ज्या पिढीला आपण जुन्या गावाची शेवटची साक्षीदार म्हणतो, तिचे बालपण अशा गावात गेले जे कागदोपत्री दुसऱ्याच्या मालकीचे होते.

याच भागात किसन फागुजी बनसोड यांनी १९०७ साली नागपुरात मुलींची शाळा काढली आणि पुढे वृत्तपत्रे चालविली. त्यांच्या एका पत्राचे नाव होते ‘निराश्रित हिंद नागरिक’. या तीन शब्दांत केवढा ताण आहे! जो हिंदचा आहे आणि नागरिक आहे, तोच निराश्रित आहे. बनसोड पुढे धर्मांतराच्या प्रश्नावर बाबासाहेबांपासून दूर राहिले. तो मतभेद बाजूला ठेवूनही हे मान्य करावे लागते की मणिभवनातील भेटीच्या दोन दशके आधी विदर्भातील एका माणसाने तेच दुःख पत्राच्या शीर्षकावर छापले होते.

बाबासाहेबांच्या उद्गारांचा अर्थ भूमीकडे पाठ फिरविणे एवढाच असता, तर त्यांचे पुढचे आणि मागचे वर्तन जुळत नाही. ऑगस्ट १९३० मध्ये नागपुरात भरलेल्या अखिल भारतीय दलित वर्ग परिषदेच्या अध्यक्षपदावरून त्यांनी स्वराज्याचा पुरस्कार केला. त्याच वर्षी लंडनमध्ये, ब्रिटिश राज्यात अस्पृश्यांची स्थिती बदलली नाही असे राज्यकर्त्यांच्या तोंडावर सांगून, त्यांनी जनतेचे राज्य मागितले. १९३६ साली कोणता धर्म स्वीकारावा याची चर्चा चालली असता, आपल्या निर्णयाने देशाच्या भवितव्यावर काय परिणाम होईल, हा विचार त्यांनी उघडपणे मांडला. १९३८ साली मुंबईच्या विधानसभेत आपण आधीही भारतीय आणि अखेरही भारतीयच, असे ते म्हणाले. ज्याला मायभूमी नको होती असा माणूस ही धडपड कशाला करील? ‘मला मायभूमी नाही’ हे त्यांच्या तोंडी वर्तमानस्थितीचे वर्णन होते आणि ती स्थिती बदलण्याचा दावाही होता. मालकी हक्काच्या दाव्यात वादी आधी आपला ताबा नसल्याचे सांगतो, तशातला हा प्रकार. ते बॅरिस्टर होते, हे विसरू नये.

येथे आपल्याच माणसांशी थोडे भांडावे लागेल. अलीकडे आपल्या मेळाव्यांत ‘आम्ही या भूमीचे मूळचे मालक, बाकीचे मागाहून आलेले’ हा सूर वारंवार ऐकू येतो. त्यामागील वेदना मी जाणतो. दोन युद्धांच्या मधल्या काळातही आदि-हिंदू, आदि-द्रविड, आदि-धर्म अशा चळवळींनी हीच भूमिका घेतली आणि हजारो माणसांना मान वर करण्याचे बळ दिले. पण बाबासाहेबांनी आपला दावा वंशाच्या पायावर उभा केला नाही. ‘जातिप्रथेचे विध्वंसन’ या १९३६ च्या प्रबंधात जातिभेद म्हणजे वंशभेद हे मत त्यांनी खोडून काढले आणि अस्पृश्यांच्या उगमावरील १९४८ च्या ग्रंथात स्पृश्य व अस्पृश्य हे भिन्न वंशांचे नाहीत असे प्रतिपादन केले. कोणी म्हणेल, दीक्षेसाठी नागपूर निवडताना त्यांनी नागांचे स्मरण केलेच होते. केले होते. पण त्यांनी नागांचे स्मरण केले ते बुद्धधम्माचा प्रसार करणारे म्हणून, ऋण मानण्यासाठी. त्यावरून त्यांनी कोणाला उपरे ठरविले नाही. आधी कोण आला या निकषावर भूमी वाटू लागलो, तर अनातोलियातील कारामानलींचे जे झाले तेच कोणाच्या तरी वाट्याला येते. आणि ते कोणाच्या, हे बलवान ठरवितो.

पवनीचा मोहही असाच आहे. आपल्यापासून हाकेच्या अंतरावर, जगन्नाथ टेकडीवर, १९६९-७० साली उत्खनन झाले आणि प्राचीन स्तूप उघडा पडला. आपल्या मुलांना आपण तेथे नेतो, आणि न्यावेच. दोन हजार वर्षांपूर्वी येथे धम्म होता हे कळले की मुलांचे चेहरे उजळतात. परंतु त्या स्तूपाच्या दगडांवरील लेख दानाचे आहेत. कोणी काय दिले, हे तेथे कोरलेले आहे. कोणाचा वंश आधीचा, हे नाही.

आता आपल्या बुडीत गावांकडे येतो, कारण हे सर्व लिहिण्याचे खरे कारण तेच आहे. गोसीखुर्दच्या धरणाची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते झाली. तेव्हापासून भंडारा आणि नागपूर जिल्ह्यांतील गावामागून गाव उठले. काही माजी विद्यार्थी आता गाव-स्मरणाचे मेळावे घेतात. नदीचा घाट, मंडईतली दंडार, धानकापणीचे दिवस, पिंपळाचा पार, असे सारे डोळ्यांत पाणी आणून सांगितले जाते. मीही त्यात सामील होतो. तरी एका मेळाव्यात एका वृद्ध उपासिकेने विचारलेला प्रश्न मला सोडत नाही. त्या म्हणाल्या, “पारावर तू कधी बसला होतास का रे बाबू?” मी बसलो नव्हतो. माझे वडीलही बसले नव्हते. आमची विहीर वेगळी होती, आमचा घाट खालच्या अंगाला होता. जे गाव आठवून मी हळहळत होतो, ते माझे पूर्णपणे कधी झालेच नव्हते.

मग आमचे गेले ते काय? ते खोटे होते का? मुळीच नाही. १९५६ च्या दीक्षेनंतर आमच्या मोहल्ल्यात विहार उभे राहिले, पंचशीलाचा ध्वज लागला, मुले शाळेत गेली, काहींनी पै-पै साठवून बांधी विकत घेतली. गावातील आमची जागा इंचाइंचाने वाढत होती. ती पुरी होण्यापूर्वीच पाणी आले. एका अर्थी महाडला ज्या पाण्यासाठी झगडलो त्याच पाण्याने आम्हाला उठविले, असे म्हणण्याचा मोह होतो. पण हे वाक्य टाळ्यांचे आहे. वैनगंगेचे पाणी कोणाचा द्वेष करीत नाही. या पाण्याने खालच्या अंगाच्या शेतकऱ्याचे धान भिजते, हेही आपण पाहतो. तक्रार हिशेबाची आहे. भूसंपादन झाले ते १८९४ च्या कायद्याने. ज्याचे नाव सातबाऱ्यावर, त्याला जमिनीचा मोबदला. ज्याची बांधी स्वतःची होती त्याला किमान काही मिळाले. जो दुसऱ्याच्या बांधीत राबत होता, जो ढिवर नदीवर जगत होता, जी म्हातारी गावकुसाच्या कडेला भाजी पिकवीत होती, त्यांचे उपजीविकेचे साधन कोणत्याच उताऱ्यावर नव्हते. म्हणजे जुन्या गावात ज्याचा वाटा कमी, त्याचे नुकसानही कागदावर कमीच मोजले गेले. मालगुजारीतील विषमता अशा रीतीने नव्या गावठाणात चालत आली. म्हणूनच पुनर्वसन मागताना आपण दयेची भाषा बोलू नये आणि केवळ आठवणींचीही बोलू नये. नळाला पाणी, उपजीविका, रस्ता, दवाखाना, दहनभूमी हे ज्या ठिकाणी हक्काने मिळते तेच आपले गाव, हा १९३१ चाच निकष आहे. आणि तो कोहळी, कुणबी, तेली, ढिवर, बौद्ध अशा सर्व उठलेल्यांना सारखाच लागू पडतो. या मागणीत आपण त्यांच्यासह उभे राहू शकतो. ‘मूळचे आम्ही’ म्हणून ते जमणार नाही.

नव्या गावठाणांत प्लॉटच्या रांगा पडल्या तेव्हा जुने मोहल्ले मोडले की जसेच्या तसे उचलून आणले, याचे उत्तर प्रत्येक गावाचे वेगळे आहे आणि ज्याचे त्याला ठाऊक आहे. निदान नळ तरी सामाईक आहे ना, हे आपापल्या गावी पाहावे.

संस्थेला आणि माजी विद्यार्थ्यांना माझी एक विनंती आहे. जी गावे बुडाली त्यांची एक नोंदवही आपल्या शाळेच्या ग्रंथालयात तयार व्हावी. ज्यांनी ती गावे पाहिली ती माणसे आता साठीच्या पुढे आहेत. प्रत्येक गावाचा नकाशा हाताने काढावा: नदी कोठे, तलाव कोठे, विहार कोठे, पार कोठे, शाळा कोठे. त्यात विहिरी किती होत्या आणि कोणत्या विहिरीवर कोण भरत असे, हेही लिहावे. कोणत्या साली कोणती विहीर सर्वांना खुली झाली, ती कोणाच्या धैर्याने झाली आणि कोणत्या सवर्ण शेजाऱ्याने तेव्हा साथ दिली, तेही लिहावे. अशी माणसे होती, आणि त्यांची नावे गेली तर तो अन्याय होईल. एखादी विहीर शेवटपर्यंत खुली झाली नाही, तर तसे लिहावे. शोभेसाठी काही गाळू नये.

नकाशे काढण्यासाठी आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांनी दिवाळीच्या सुटीत आजी-आजोबांजवळ बसावे. कागद, पेन्सिल आणि वही शाळा देईल, असे मुख्याध्यापकांनी मान्य केले आहे. पहिले पान मी माझ्या गावाचे लिहून दिले आहे. त्यात दोन विहिरी आहेत.